जाड तार

उद्यमबागेत दिवसभर मी लेथवर.
शाफ्ट, बुश, फ्लँज.
मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडं-तिकडं झाला
की माल परत.
आणि घरी, वडगावात,
तीन महिने एक ओंडका घेऊन बसलोय.

फणसाचा आहे, खानापूरकडचा.
बसलिंगप्पा बडिगेरनं देव्हाऱ्यासाठी आणलेला,
मधे गाठ निघाली म्हणून देवाला न चाललेला.
रंधा मारला तशी पिवळी ढलपी उडून
माझ्या डब्यात, चपलेत, आईच्या केसांत.
"गिटार येन्री, एवढं वजन?
गळ्यात घालायची का दाराला लावायची?"
गिटार न्हवं, बेस.
"मग ह्यात गाणं कुठलं वाजतंय?"
गाणं दुसरे वाजवतात, बसलिंगप्पा.
हे नसलं की काहीतरी कमी पडलंय
एवढंच कळतं लोकांना.

लोहचुंबक जुन्या सायकलच्या डायनामोतलं.
तार मोटार रिवाइंडिंगवाल्या मैनुद्दीनकडची,
केसाहून बारीक, उजेडात धरली तरच दिसणारी.
साडेसात हजार वेढे घालायचे.
माझ्या हातून तीनदा तुटली.
मग आईच उठली,
कांडी भरायचं चाक पुढं ओढलं,
पदर खोचला.
तिचं माहेर रबकवीचं:
भांडते मराठीत, मोजते कानडीत.
ओंदु, एरडु, मूरु…
शंभर झाले की एक चिंचोका बाजूला.

चाळीस चिंचोक्यांवर तार तुटली.
तिनं अंगठा जिभेला लावला,
आणि डोळे न लावता अशी गाठ मारली
की बोट फिरवून मलाही सापडेना.
गाठ बसली, वीज नाही बसली.
तारेवर लाखेचा पापुद्रा असतो, आई,
तो खरवडायचा, मग डाग द्यायचा!
हे मी ओरडून सांगितलं.
तिला ओरडूनच सांगावं लागतं.
तीस वर्षं यंत्रमागाशेजारी बसून
वरचे आवाज तिचे गेलेत:
कुकरची शिट्टी, चिमण्या,
फोनवर बहिणीची लेक.

मान शिसवीची, पट्ट्या पितळी.
आठशे चौसष्ट मिलिमीटरला सतरा पॉइंट आठशे सतरानं भागायचं,
उरलं त्याला परत भागायचं, परत.
प्रत्येक खाच मी मागच्या खाचेपासून मोजली.
लेथवरच्या पोरालाही माहीत असतं,
मोजायचं ते एकाच टोकापासून.
सातव्या पट्टीवर तीन मिलिमीटर चूक
आणि बाराव्यावर तर विचारूच नका.
इनास, चर्चमध्ये वाजवणारा, पोट धरून हसला.
"काढ की सगळ्या, सपाट कर,
आता सूर चुकला तर बोट तुझं, पट्टी नाही."

पक्कड घेऊन रात्रभर उपटल्या.
खाचांत फणसाच्या चिपा बसवल्या.
काळ्या शिसवीवर आता पिवळ्या रेघा आहेत,
चुकीच्या जागी, नीट घासलेल्या,
वरून बोट जातं तेव्हा हाताला न लागणाऱ्या.

काल ॲम्प आणला, बेंजो पार्टीचा, एक कान फाटलेला.
सगळ्यात जाड तार सैल सोडून छेडली.
फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांना लागले.
महादेवी दारात: "बोअरची गाडी आलीया काय गल्लीत?"
आई भाकरी थापत होती.
थांबली.
ॲम्पकडं नाही, जमिनीकडं बघितलं,
अनवाणी पाऊल सरकवून फरशीच्या मधोमध आणलं.

"कल्ल्या, काय करूलास बे?
पायात यीलालंय की."

तार जरा खरखरतेय,
उद्या खोबणी कानशीनं खाली घ्यावी लागंल.
खरं काल परत छेडली, तशीच.
पिठाच्या हातानं तिनं काठवट बाजूला सारली
आणि सवयीनं
मोजायला लागली.